काळ्या ट्रंकेतले ‘नाना’

तात्यांची ट्रंक काळी आहे. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, हुद्दा आणि नाव. सातारा जिल्ह्यात खटाव-माणकडच्या कितीतरी घरांत अशी एक ट्रंक असते, आणि तिच्यावर गोधड्यांची चळत असते. तात्यांच्या ट्रंकेवरही होती. लहानपणी त्या गोधड्यांवर चढून आम्ही पोरं आढ्याला हात लावायचो, पण ट्रंक कधी कुणी उघडली नाही. ती उघडलेली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तात्या अडुसष्ट वर्षांचे होते. वास कापराचा होता. आत एक कंगवा, एक बॅरे टोपी, लग्नातला फोटो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

“हे वाच,” तात्या म्हणाले. “विंग्रजीत हाय. मास्तरांनी एकदा वाचून दावलं हुतं. पर मास्तर काय ते नीट सांगीना गेले.”

नात्यानं ते माझे चुलते, सख्खे नव्हेत, भावकीतले. मी पुण्यात लिहिण्यावाचण्याच्या धंद्यात असल्यामुळे गावाला वाटतं की मला सगळे कागद कळतात. हा कळला. टाइप केलेल्या रकान्यांत दोन प्रश्न होते: हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलं आहे का? सेवेमुळे ते वाढलं आहे का? दोन्हींपुढे एकच उत्तर, नाही. त्याखाली टक्केवारी: वीसपेक्षा कमी. त्याखाली तात्यांची सही, सातवी शिकलेल्या माणसाची, एकेक अक्षर सुटं.

या दोन नकारांना लष्करी वैद्यकीय मंडळांच्या आणि न्यायाधिकरणांच्या भाषेत एक छोटं नाव आहे. हे दोन्ही नकार एकत्र सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडली की शब्द होतो ‘नाना’. ज्यानं तो बनवला त्याला मराठी येत नसणार, पण इतका चपखल मराठी शब्द त्याला शोधूनही सापडला नसता. ना आणि ना. निकालपत्रांतून तो शेकड्यांनी भेटतो. आमच्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा माणूस, म्हणून पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं होतं. तात्यांना मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. “म्हंजे आपल्याकडं तो नाना चाळीस वर्सं ट्रंकेत बसून हुता,” एवढंच म्हणाले.

हकिगत साधी आहे. तात्या १९७६ साली एकोणिसाव्या वर्षी पायदळात भरती झाले. सहा वर्षांनी डोंगराळ भागात रात्रीच्या गस्तीवर असताना, खांद्यावर दारूगोळ्याची पेटी घेऊन उतरणीवरून जाताना पाय सरकला आणि ते नाल्यात कोसळले. पेटी अंगावर आली. उजवा गुडघा आणि कंबर गेली. तीन महिने इस्पितळ, मग हलकी ड्यूटी, मग खालची कॅटेगरी, आणि १९८४ साली बोर्डाऊट, म्हणजे वैद्यकीय मंडळाच्या शेऱ्यावर फौजेतून बाहेर. सेवा आठ वर्षांच्या आत. हातात ग्रॅच्युइटीची रक्कम, रेल्वेचं वॉरंट आणि ती ट्रंक.

अशा जखमेच्या वेळी युनिटनं जखमेचा अहवाल भरायचा असतो: माणूस कुठे होता, कामावर होता का, साक्षीदार कोण. तात्यांचा तो अहवाल भरलाच गेला नाही. का, ते आज कोण सांगणार? सोबतचा नाईक पुढच्या महिन्यात बदलून गेला, इस्पितळ दुसऱ्या शहरात, कंपनी तिसऱ्या ठिकाणी हललेली. मग मंडळासमोर आला तो नुसता एक झिजलेला गुडघा. गुडघे तर शेतकऱ्यांचेही झिजतात.

जवानाच्या पेन्शनची घडण अशी की साधी सेवा-पेन्शन मिळायला पंधरा वर्षं लागतात. त्याआधी शरीर मोडून घरी आलेल्याला आधार दोनच: दहा वर्षं झाली असतील तर इनव्हॅलिड पेन्शन, नाहीतर अपंगत्वाची पेन्शन. दहाची अट २०२० मध्ये सैल झाली, पण ती ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी. उरली अपंगत्वाची पेन्शन. तिचे दोन भाग, एक सेवेचा, एक अपंगत्वाचा, आणि बोर्डाऊट झालेल्याला सेवेचा भाग कितीही कमी वर्षं झाली असली तरी मिळतो. तिचं दार उघडायला मात्र १९६१ च्या पेन्शन नियमावलीप्रमाणे दोन किल्ल्या हव्यात: अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा वाढलेलं असावं, आणि ते किमान वीस टक्के असावं. तात्यांच्या हातात दोन्ही नव्हत्या.

तात्यांनी त्या वेळी अपील केलं नाही. ही गोष्ट शहरातल्या माणसाला कळत नाही, मलाही आधी कळली नव्हती. हक्काचा पैसा होता, तर माणूस चाळीस वर्षं गप्प कसा बसला? मी विचारलं तेव्हा त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं.

“आण्णा हुता की. माझी पेन्शन आण्णा हुता.”

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. साडेचार एकर कोरडवाहू, त्यातलं एक विहिरीखालचं. तात्या परत आले तेव्हा अण्णांनी भावाला काही विचारलं नाही. खाली वाकता येत नाही म्हणून तात्यांकडे बसून करायची कामं आली, शेंगा फोडणं, दोर वळणं, डेअरीच्या दुधाचा हिशेब. त्यांचं लग्न अण्णांनी लावून दिलं. पोराची फी अण्णांनी भरली. तीस-बत्तीस वर्षं एका अपंग जवानाचा सगळा खर्च खटाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्यानं उचलला आणि त्याची नोंद कुठल्याही अर्थसंकल्पात नाही. मला वाटतं, या देशातल्या ‘नाना’च्या कागदांपैकी कितीतरी असेच पचले आहेत. भाऊ होता, आई होती, बायको रोजगार हमीवर जात होती, म्हणून ते कागद ट्रंकेत गप्प राहिले.

अण्णा २०१६ साली गेले. तीन वर्षांनी तात्यांच्या पत्नी, आमच्या काकी, गेल्या. मग वाटण्या झाल्या. पुतण्यांना मी दोष देत नाही. साडेचार एकरांचे चार तुकडे झाले की कुणाच्याच ताटात दुसऱ्यासाठी भाकरी उरत नाही. तात्यांचा मुलगा चिंचवडला कंत्राटी कामगार आहे, एका खोलीत चौघं. तो दर महिन्याला जमेल तसे पैसे पाठवतो, आणि ज्या महिन्यात कंत्राट संपतं त्या महिन्यात पाठवत नाही.

गावात पेन्शनवाल्या म्हाताऱ्याचा एक रुबाब असतो. पहिल्या तारखेला तो बँकेत जातो, येताना नातवाला खाऊ आणतो, कॅन्टीनची बाटली पाहुण्यासाठी राखून ठेवतो. सुना त्याचा चहा आधी करतात. हे कुणी कबूल करणार नाही, पण आमच्याकडच्या कुठल्याही वाड्यात तासभर बसलात तर दिसेल. तात्यांना गाव ‘मेजर’ म्हणतं. मेजरांचा चहा हल्ली शेजारच्या घरातून येतो.

साताऱ्याची माती आणि फौज यांचं नातं नवं नाही. अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. मेलेल्यांची आठवण इंग्रजांनी दगडात कोरली. जखमी होऊन जगलेल्यांची सोय वेगळी करावी लागते, हे त्यांनाही युद्ध चालू असतानाच कळलं होतं: अपंग सैनिकांना हातातलं काम शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती पुढे खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. १९७४ साली खडकीतच कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आलं. पुण्याच्या चार-सहा मैलांत देशभरातल्या मोडलेल्या शरीरांची एवढी काळजी घेतली जाते आणि घाटापलीकडच्या एका गुडघ्याची गोष्ट मात्र एका रकान्यातल्या ‘नाही’वर संपते.

अशा वेळी कुणीतरी हमखास मुरलीकांत पेटकरांचं नाव काढतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. थोर माणूस. पद्मश्री मात्र त्यांना २०१८ साली मिळाली, म्हणजे सुवर्णपदक विजेत्यालाही सेहेचाळीस वर्षं थांबावं लागलं. आणि प्रत्येक जखमी शिपायानं पोहून दाखवावं ही अपेक्षा कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नाही.

नियमावलीत काय लिहिलंय ते वाचल्यावर मी चक्रावलो. मला वाटलं होतं कायदा तात्यांच्या विरुद्ध असेल. तो त्यांच्या बाजूचा आहे. १९८२ चे पात्रता नियम, म्हणजे तात्या बोर्डाऊट झाले तेव्हा लागू असलेलेच, सांगतात की भरतीच्या वेळी काही दोष नोंदवला नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. पुढे प्रकृती ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असं धरायचं. हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर टाकायची नाही. आणि शंका असेल तर तिचा फायदा जवानाला द्यायचा. इतका उदार मजकूर सरकारी कागदावर क्वचित सापडतो. आणि तोच मजकूर जवानाच्या पदरात पडावा म्हणून जवानाला कोर्टाची पायरी चढावी लागते.

धर्मवीर सिंग हे सिग्नल्समधले जवान १९८५ साली भरती झाले, १९९४ साली अपस्मारामुळे घरी पाठवले गेले. मंडळानं लिहिलं, सेवेशी संबंध नाही. हिमाचलच्या उच्च न्यायालयात एकदा जिंकले, मग हरले. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि वर सांगितलेले सगळे नियम एकेक करून पुन्हा मांडले: भरतीच्या वेळी नोंद नाही, मंडळानं कारणं दिलेली नाहीत, मग सेवेमुळेच धरा. एकोणीस वर्षं लागली. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंग खटल्यात त्याच न्यायालयानं वीस टक्क्यांचा अडसरही काढला. ज्याला फौजेनं अपंगत्वापोटी बाहेर काढलं, त्याचं अपंगत्व वीस टक्क्यांहून जास्तच मानलं पाहिजे, कारण तेवढं नसेल तर काढलं कशाला? हा युक्तिवाद तात्यांना मी बांधावर बसून सांगितला. त्यांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. “हे तर मी तवाच म्हनत हुतो. गुडघा बरा हाय तर ठेवा की मला.”

एप्रिल २०२५ मध्ये बिजेंदर सिंग यांचा निकाल आला. १९८५ ची भरती, सियाचिनवर नेमणूक, तिथे झटके, १९८९ मध्ये बोर्डाऊट, टक्केवारी वीसच्या आत, शेरा तोच. पेन्शन मिळाली, पन्नास टक्क्यांच्या टप्प्यात, छत्तीस वर्षांनी.

या टप्प्यांचीही एक गंमत आहे. डॉक्टरांच्या अंदाजात पाचदहा टक्के इकडेतिकडे व्हायचेच, म्हणून १९९६ पासून बोर्डाऊट झालेल्यांसाठी पन्नासच्या आतले सगळे पन्नास, पंचाहत्तरपर्यंतचे पंचाहत्तर आणि वरचे शंभर धरायचे ठरलं. पूर्ण मुदत करून निवृत्त झालेल्या अपंगांना मात्र ही सवलत नाही, असं सरकार वर्षानुवर्षं म्हणत राहिलं. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात तो भेद मोडला.

सगळं एका बाजूचं नाही, हेही सांगायला हवं. सुट्टीवर स्कूटरवरून पडून जखमी झालेल्या जुझार सिंग यांना सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये पेन्शन नाकारली. त्याआधी १९९९ मध्ये मदनसिंग शेखावत यांना, रजेवर घरी जाताना रेल्वेतून उतरताना हात गमावला म्हणून, ती दिली होती. प्रवास स्वतःच्या पैशानं होता, तरी तो कामावरचाच धरला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर जवान कुठे संपतो आणि सुट्टीवरचा माणूस कुठे सुरू होतो, याचं उत्तर मला तरी सापडत नाही. शिवाय या पेन्शनचा गैरफायदा घेणारे आहेतच. महालेखापरीक्षकांच्या अहवालात निवृत्त होताना अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीहून जास्त निघालं. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब आणि मधुमेह सापडलेले वरिष्ठ त्यात आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये नियम कडक झाले ते या ओरडीनंतर. पण वरच्या मजल्यावरच्या गळतीसाठी खालच्या मजल्याचा नळ बंद करणं हा न्याय मला पटत नाही. रक्तदाबवाल्या साहेबाला पेन्शन आहेच, प्रश्न तीत भर पडण्याचा असतो. तात्यांच्या खात्यात मुळात शून्य आहे.

तर आम्ही कागद घेऊन निघालो. कुठल्या कार्यालयात गेलो ते सांगत नाही, कारण तिथला कल्याण संघटक, स्वतः माजी सैनिक, भला माणूस होता. त्यानं तात्यांना खुर्ची दिली, मला बाहेर पाठवून झेरॉक्स काढून आणायला सांगितलं. रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेलं. साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं पंचवीस वर्षं जपतात आणि मग नियमाप्रमाणे जाळून नष्ट करतात. तात्यांची तशी झाली होती. शिल्लक होती ती ‘लाँग रोल’ नावाच्या नोंदवहीतली एक ओळ: नंबर, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख.

उत्तर वाचून मी हादरलो, पण त्या नियमातली तर्कसंगती पाहा. पेन्शन नाही म्हणून कागद जाळायचे, आणि कागद नाहीत म्हणून पेन्शन द्यायची नाही.

संघटकानं मग दुसरा रस्ता दाखवला. पासष्टी ओलांडलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळतं. तेव्हा ते चार हजार होतं. त्या अनुदानाच्या इंग्रजी नावातच ‘दारिद्र्य’ आहे. अर्जासोबत आपण निराधार असल्याचे दाखले जोडायचे. तात्यांनी मला अर्ज वाचून दाखवायला लावला, पूर्ण ऐकला आणि पेन खाली ठेवलं.

“पोरगा हाय मला. निराधार लिवू? त्येला कळलं तर त्येला काय वाटंल?”

“तात्या, नुसता कागद असतो तो.”

“चाळीस वर्सं मी ‘नाही’ लिवलेल्या कागदावर सही करून बसलोय. आता ‘भिकारी’ लिवलेल्यावर नगं.”

परतीच्या एसटीत मी त्यांच्यावर चिडलो होतो, हे कबूल करतो. चार हजारांत औषधं आणि किराणा निघाला असता. पुसेगाव येईपर्यंत आम्ही बोललो नाही. मग तेच म्हणाले, “पेन्शन घ्यायला गेलं तर मान वर असती. ह्याला मान खाली घालावी लागती. पैका तोच.” ऑक्टोबर २०२५ मध्ये ते अनुदान आठ हजार झालं, नोव्हेंबरपासूनच्या अर्जांसाठी. मी पुन्हा विषय काढला. त्यांनी पुन्हा तंबाखू काढली.

आता तात्यांचा पेन्शनचा अर्ज लष्करी न्यायाधिकरणात आहे. २००७ च्या कायद्यानं ठरलेली ही न्यायाधिकरणं २००९ पासून प्रत्यक्षात आली ती सैनिकाला उच्च न्यायालयाचे हेलपाटे पडू नयेत म्हणून. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ साली तज्ज्ञांची समिती नेमली होती. सरकारनं स्वतःच्याच अपंग जवानांविरुद्ध वरच्या कोर्टात जाणं थांबवावं, असं त्या समितीनं सुचवलं. ते पूर्णपणे थांबलेलं नाही.

आमच्या वकीलबाईंनी तात्यांना आधीच सांगून ठेवलंय की जिंकलो तरी चाळीस वर्षांचे पैसे मिळणार नाहीत. तरसेम सिंग नावाचे एक जवान १९८३ साली असेच बोर्डाऊट झाले, १९९९ साली कोर्टात गेले. उच्च न्यायालयानं त्यांना मागची सगळी थकबाकी दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ती तीन वर्षांपुरती कापली: हक्क जिवंत आहे, पण उशिरा आलात, म्हणून अर्जाच्या आधीची तीनच वर्षं. त्यामुळे अण्णांनी जी बत्तीस वर्षं भरली, ती अण्णांच्याच नावावर राहणार. सरकारला ती फुकट पडली.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत एकच गोष्ट विचारली होती: वैद्यकीय मंडळाचा मूळ कागद आहे का? रेकॉर्ड ऑफिसात जळालेला तो कागद तात्यांच्या ट्रंकेत होता, कापराच्या वासात, पिशवीत. आज सगळा दावा त्या एका पानावर उभा आहे. मंडळानं नकारापुढे कारण लिहिलेलं नाही, हे त्या पानावरूनच दाखवता येतं. ‘नाना’च्या पुढे कोरी जागा आहे. धर्मवीर सिंग यांच्या कागदावरही कारण नव्हतं.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी काळी ट्रंक असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत तिच्यावरच्या गोधड्या उतरवा. आजोबा, चुलता, मामा, जो कुणी मुदतीआधी घरी आला असेल, त्याचं डिस्चार्ज बुक आणि मंडळाचा कागद शोधा. त्या काळच्या कार्बन प्रती फिक्या पडत चालल्यात. दोन झेरॉक्स काढा, एक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, आणि मूळ कागद कुणालाही, कुठल्याही कार्यालयाला देऊ नका. तात्यांची पुढची तारीख डिसेंबरात आहे.